आ आणि बा

उद्यमबागेत फौंड्रीच्या मागल्या अंगाला आमचं शेड.
वडिलांनी पंप उघडायला शिकवलं,
गिऱ्हाइकाशी बोलायला नाही. ते अजून जमत नाही.

कल्लाप्पा मिराशीची जीप सकाळीच आली,
कणकुंबीकडचा चिखल दारांपर्यंत वाळलेला.
वारं सुटलं की जंगलात झाडं तारांवर पडतात,
ती ओढून बाजूला करायचं कंत्राट त्याचं.
जुना विंच बॅटरीवरचा.
"झाड अर्धं हललं आणि विंच झोपला बघा, ताई.
मागनं जीप बी झोपली. चार मैल चालत आलो,
आणि टॉर्च कुठं, तर जीपमध्ये."

म्हणून आता तेलावरचा.
इंजिन फिरतंय तोवर पंप फिरणार,
पंप फिरतोय तोवर तेल ढकललं जाणार.
तेलाला दमणं ठाऊक नसतं.
तापणं ठाऊक असतं, खरं ते वेगळं.

बंपर उतरवला. चासीच्या दोन्ही टोकांना धरून
दहा मिलिमीटरची पाटी बसवली.
भोकं सिद्दलिंगनं पाडली, गोकाकचा पोरगा,
ड्रिलवर थेंब थेंब तेल सोडत.
बोल्ट आवळताना मी म्हणते, घट्ट.
तो म्हणतो, गट्टी.
मी सैल म्हणते, तो सडिल.
पान्याला दोन्ही कळतं.
पाना कुणाच्या मोर्च्याला जात नाही.

दुपारी नळ्या.
स्टिअरिंगच्या पंपातून एक व्हॉल्व्हकडे,
एक परतीची, टाकीत,
आणि व्हॉल्व्हपासून मोटरीपर्यंत दोन, अगदी जुळ्या.
चुकू नये म्हणून खडूनं लिहिलं,
एकीवर आ, दुसरीवर बा.
आत. बाहेर.
मग मी चहाला गेले.

तेल भरलं, लालभडक.
हवा काढायला कल्लाप्पा चाक फिरवत बसला,
डावीकडं टोकाला, उजवीकडं टोकाला,
टाकीत फेस आला,
बऱ्याच वेळानं बसला.

मागच्या चिंचेला रुंद पट्टा बांधला.
दोर थेट खोडाला लावायचा नाही, साल कापते.
दोरावर ओलं पोतं टाकलं, तुटलाच तर उडू नये.
"मागं व्हा सगळे."
मी लिव्हर आतल्या बाजूला ओढला.

दोर बाहेर आला.
निवांत, वेटोळी टाकत,
जणू आम्हीच त्याला जा म्हणालोय.

"सिद्दलिंग, नळ्या उलट्या लावल्यास!"
"इल्लरी अक्का. तुम्हीच लिहिलाय की. बा."
"बा म्हणजे बाहेर!"
"बा म्हणजे ये," तो म्हणाला. "दोर, ये."

मला ठाऊक नव्हतं असं नाही.
भाजीवाली म्हणते, कंडक्टर म्हणतो,
समोरची आजी मांजराला म्हणते, बा, बा.
खरं खडू हातात आला
की हात आपल्याच शाळेत जातो.

कल्लाप्पा बॉनेटवर ओणवा होऊन हसत होता.
"ऱ्हाऊ द्या हो. लिव्हर उलटा आहे हे ध्यानात ठेवतो."
नाही म्हटलं.
रात्री, पावसात, वर झाड लोंबत असताना
हात ध्यानात ठेवत नाही. हात ओढतो.

नळ्या सोडल्या. अर्धा लिटर तेल फरशीवर,
त्यावर लाकडाचा भुसा, भुशावर आमचे दोघांचे पाय.
मग इनॅमलचा डबा उघडला
आणि लिव्हरच्या आतल्या बाजूला मीच लिहिलं: बा.
दुसऱ्या बाजूला काय, म्हणून ब्रश त्याच्याकडं दिला.
त्यानं खूप विचार केला,
एक डोळा मिटून लिहिलं: जा.

गिअर न्यूट्रल, ब्रेक मोकळा.
कल्लाप्पानं बा ओढला
आणि रिकामी जीप
रांगत रांगत चिंचेकडं निघाली,
पुढची चाकं मुळीवर चढेपर्यंत.

बिल केलं. पाटी, बोल्ट, नळ्या, मजुरी.
सांडलेलं तेल धरलं नाही.