सात टक्के

एप्रिल, केगाव, बेचाळीस अंश.
तरी प्रयोगशाळेतला पंखा मी बंद ठेवते,
कुप्यांना धक्का नको.
आत पाणी, पाण्यात सिलिकाचे गोळे,
इतके बारीक की केसाच्या जाडीत
दोनशे सहज ओळीनं मावतील.

पहिल्या कुपीत सगळे एका मापाचे.
सोमवारी नुसतं दूध होतं.
गुरुवारी तळाशी हिरवं चमकलं,
मान कलती केली तर निळं.
रंग कोणी घातला नव्हता.
रांगा लागल्या होत्या, एवढंच.

दुसरीत मापं जरा इकडेतिकडे, शंभराला चार.
पंधरवडा गेला, पण ठिपके उगवले.

तिसरीत बारा.
आज एकोणपन्नासावा दिवस
आणि दूध ते दूधच.
थोरल्याला टेकून धाकटा,
मधल्या फटीत तिसराच कोणी अडकलेला.
कोणाला धड जागा नाही,
कोणाला निघताही येत नाही.
साखर पेठेतली आमची खोली रात्री अशीच असते:
आठ माणसं, आठ लांब्या,
एकानं कूस बदलायची तर चौघांना उठवून.

मॅडम म्हणतात, सातच्या आसपास सीमा आहे.
त्यापुढे स्फटिक धरत नाही.

सात टक्के मला आधीपासून माहीत होते.
अम्मा विड्या वळते.
पत्र्याचा फर्मा पानावर, भोवतीनं कातर,
तेच माप, तेच माप, एकतीस वर्षं.
तरी कारखान्यात चेकर गड्डम
मूठभर उचलतो, बोटांत फिरवतो:
ही जाड. ही सैल. हिचं तोंड उघडं.
हजारातल्या सत्तर छाट.
छाटीचे पैसे नाहीत.

मीही तेच शिकतेय.
यंत्रात गरगर फिरवायचं,
जड खाली, हलके वर,
नको ते पिपेटनं काढून टाकायचं.

पण तिसरी कुपी फेकवत नाही.
गणित सांगतं, फार काळ थांबलं तर
थोरले थोरल्यांशी, धाकटे धाकट्यांशी
आपापले वेगळे स्फटिक धरतील,
कोणी न निवडता.
किती काळ, ते गणित सांगत नाही.

काल अम्माला मोबाइलवर फोटो दाखवला.
तिनं हात पुसला, चष्मा वर सरकवला.
"हिरवं, बरं हाय. आन् ह्ये पांढरं?"
"ह्यांची मापं जुळत नाहीत."
"म्हंजी मेल्यात?"
"नाही गं. हलतात. जागच्या जागी."
"मंग ऱ्हाऊ दे की,"
म्हणाली, आणि पुढचं पान
फर्म्याखाली घेतलं.