तीस अंश दक्षिण

सारूळच्या खाणीवर पोचलो तेव्हा सावल्या अजून लांब होत्या.
मी होकायंत्र काढलं, तर शिंत्रे मॅडम म्हणाल्या, ठेव ते.
हा दगडच चुंबक आहे, सुईला फितवतो.
इथे सूर्याला विचारायचं.

मी कॉलेजातला परिचर. बाटल्या धुतो, नमुन्यांवर नंबर घालतो.
पाण्याचा कॅन माझ्याकडे,
कारण हिऱ्याच्या दातांचं ड्रिल कोरडं चाललं तर जळतं.

तिमण्णा धोत्रे कमरेवर हात ठेवून बघत होते.
"एवढंसं भोक? यात सुरुंग तरी काय भरणार?"
बोटाएवढा दगड बाहेर आला,
करडा, ओला, आत एक हिरवट काचेचा डोळा.
मी त्यावर बाण काढला: उत्तर कुठे, वर कुठे.
कारण एकदा जागेवरून उचलला
की दगडाचा पत्ता गेला.

डब्यावर बसून चहा पिताना मॅडमनी सांगितलं:
लाव्हा थिजताना त्यातले लोखंडी कण
त्या घडीच्या उत्तरेकडे वळतात आणि तसेच अडकतात.
नुसती दिशा नाही, मानेचा कलही.
विषुववृत्तावर सुई आडवी.
नाशकात आज ती खाली बघते,
रामकुंडाच्या पायरीवरून पाण्यात वाकावं तेवढी.
आणि विषुववृत्ताच्या पलीकडे?
पलीकडे ती वर बघते, म्हणाल्या,
आणि चहाचा गाळ फेकून दिला.

नमुने मुंबईला गेले. तिथे म्हणे भट्टीत
थोडं थोडं तापवून
नंतर चिकटलेल्या सगळ्या उत्तरा उतरवतात.
विजेनं लावलेली, काळानं लावलेली,
एकेक सोलत
पहिली उरेपर्यंत.

पावसाळा संपता संपता आकडे आले.
सुई आभाळाकडे.
तीस अंश दक्षिण.

मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. बोटाखाली निळं पाणी.
पांडवलेणी ज्या दगडात कोरली तो दगड,
भद्रकालीतल्या आमच्या उंबऱ्याचा दगड,
माझ्या आईचा पाटा,
सगळे या निळ्यावर होते,
गरम, बिननावाचे.

एखादा दगड खोटं बोलत असेल, मी म्हटलं.
म्हणून तर एकशे चाळीस भोकं पाडली, मॅडम म्हणाल्या.
आणि चंद्रपूरच्या कोळशात जे पान छापलंय
तेच दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली सापडतं.
पानाला पोहता येत नाही.

दिवाळीनंतर एक नमुना परत द्यायला मी एकटाच खाणीवर गेलो.
तिमण्णांनी तो तळहातावर फिरवला.
"म्हंजे हा खालनं आला?"
खालनंच. जमिनीसकट.
अजूनही वर सरकतोय, नखं वाढतात त्याहून थोडा जलद.
तेव्हा मात्र धावत होता.

"आमची माणसंबी खालनंच आली," ते म्हणाले.
"गाढवांवर घण, छिन्न्या, पोरं.
घरात आम्ही अजून दगडाला रायी म्हणतो."

मग शर्टाच्या खिशातून
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद काढला.
नातीच्या दाखल्याचा अर्ज. तिसऱ्यांदा परत आलेला.
एकसष्टच्या आधीचा पुरावा जोडा, असा शेरा.
"आज्जा तेव्हा वाघाडच्या धरणावर की कुठं होता, कोण सांगणार?
त्याचं नाव कुठल्या वहीत नाही.
तुमचा दगड किती जुना?"

साडेसहा कोटी वर्षं, मी म्हटलं,
आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं.

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
दगड उन्हात धरून बाणाकडे बघत राहिले.
"हा बाण तुम्हीच काढला ना?"
हो.
"उचलायच्या आधी?"
आधी. नंतर काढून उपयोग नसतो.

"तेच," तिमण्णा म्हणाले.
"आम्हाला उचलताना
कुणाकडं पेन नव्हतं."

खालून शिट्टी झाली. सुरुंगाची वेळ.
आम्ही दोघंही मागे सरलो,
कड्यापासून पन्नास पावलं,
आणि कानांवर हात ठेवले.