पर्यंत

हेल्वी तामिकच्या खोलीतून आज सात खोकी उतरवली.
शिपाई म्हणाला, बाईंनी जन्मभर कागदच खाल्ले की काय.
एकोणीस वर्षं मी तिचा दुभाषा.
मला विचाराल तर ती शब्द चावायची,
आणि खडा लागला की
भर बैठकीत माझ्याकडे बघायची.

तिचा बाप पेइप्सी तळ्यावर बर्फाची जाडी मोजायचा.
हिवाळ्यात पाण्यावरून रस्ता व्हायचा,
दोन्ही कडांना ज्युनिपरच्या फांद्या रोवून.
फांद्यांच्या आत चालायचं, बस्स.
एप्रिलात त्याच फांद्या तरंगत
कुठल्याही देशाला लागायच्या.
"सीमेबद्दल मला एवढंच कळतं,"
ती पहिल्या तासाला सांगायची,
"बाकीचं पुस्तकात आहे, परीक्षेपुरतं."

परराष्ट्र धोरण दुसऱ्याच शहरातून बांधून यायचं,
त्या काळात तिने प्रबंध लिहिला
जुन्या व्यापाऱ्यांच्या तहांवर: हेरिंग, मेण, मीठ.
कुणाला आक्षेप सापडेना.
मिठाआड तिने सगळं लिहिलं होतं.

मग देश परत आला, आणि माणसं कमी पडली.
कांद्याच्या माळा विकणाऱ्या बायकांसमोर
ती तळटिपांसकट भाषण करायची;
एक्केचाळीस मतांनी निवडून आली.
मंत्री झाली. चौदा महिने.
संसदेत एकदा म्हणाली, "मला माहीत नाही."
खोटं पक्षाने पचवलं असतं.

आणि मग ती तिसरी रात्र, मासेमारीचा मसुदा,
थंड चहा, पलीकडे सहा टाय.
कलम नऊ: हक्क लव्हाळ्यांपर्यंत.
ती थांबली.
"पर्यंत म्हणजे? लव्हाळी धरून, की सोडून?"
मी दोन्ही भाषांत घसा खाकरला.
दोन्ही भाषांत तो शब्द तितकाच निसरडा.
"आणि लव्हाळी दरवर्षी चार हात पुढे सरकतात, महाशय,
त्यांना कुणी मसुदा वाचून दाखवलाय का?"
पलीकडचा एक म्हातारा हसला.
त्याचाही बाप कोळी असावा.
पहाटे 'धरून' ठरलं.
करारावर सह्या झाल्या, मंजुरी कधीच आली नाही.
मासे मात्र तेव्हापासून लव्हाळी धरूनच पकडतात,
दोन्हीकडचे. कुणी बोलत नाही.

पुढे लिस्बनमध्ये राजदूत: ऊन, पावत्या, राष्ट्रदिनाची मेजवानी,
त्याबद्दल ती काही सांगत नाही.
मग पुन्हा तार्तू, पुन्हा फळा,
पुन्हा विशीतली पोरं, जगाचा निकाल खिशात घेऊन आलेली.
त्यांच्या निबंधांच्या समासात
तिच्या शिसपेन्सिलीचा एकच प्रश्न: कोण म्हणतं?

आता ती खाली गाडीत बसलीय, काच उतरवून,
मांडीवर वर्तमानपत्रात धुरावलेला मासा,
बोटं तेलकट, काटे व्यवस्थित एका बाजूला.
"सगळं आणलंस?"
"खिडकीपर्यंतचं," मी म्हणालो.
तिने चावणं थांबवलं.
मी काही न बोलता
पुन्हा जिना चढायला लागलो.