रिकामी ओळ

ताकुआरेम्बोच्या लोकरीच्या वखारीत
एकवीस वर्षं हिशेब लिहिणारी नेलिदा
सत्तावन्नाव्या वर्षी मॅक्रो शिकायला बसली.
कारण कातरणीच्या हंगामात रोज संध्याकाळी तेच:
रकाना उचल, तिकडे ठेव,
बेरीज खाली ओढ, रिकाम्या ओळी पूस.
मनगट रात्री उशीवरही माऊस शोधत फिरायचं.

पहिल्या दिवशी तिने रेकॉर्डचं बटण दाबलं.
यंत्राने सगळं टिपलं:
चुकून उघडलेली फॉन्टची खिडकी,
सातव्या रकान्यापर्यंत जाऊन परत येणं,
दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेलं एक आडनाव.
मधे ती उठली होती,
तुंबीतल्या येर्बावर गरम पाणी ओतून
दाराशी उभी राहिली होती, ट्रक बघत.
तेवढं मात्र त्यात नव्हतं.
मॅक्रो चालवला तेव्हा चुका त्याच, त्याच क्रमाने,
पण पापणी लवायच्या आत.
"माझा गोंधळ," ती म्हणाली,
"इतका चपळ मी कधी पाहिला नव्हता."

मग हाताने लिहायला लागली.
इंग्रजी तिच्या वाट्याला आलेलं
ते मेंढ्यांच्या औषधांच्या डब्यांवरचं.
पण फॉर आणि नेक्स्ट लगेच कळले:
काट्यासमोरची रांग.
गासडी चढते, आकडा थरथरतो, थांबतो,
आणि फाउस्तिनो मान वर न करता ओरडतो: पुढचा!
एवढंच तर आहे.
फक्त रांग कुठे संपते ते सांगायचं राहिलं,
आणि यंत्र दहा लाख कोऱ्या ओळींना
पुढचा, पुढचा म्हणत राहिलं
जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.

नंतर स्वल्पविरामाने घात केला.
तिच्या देशात अपूर्णांकात टिंब नसतं, स्वल्पविराम असतो.
यंत्राने तो गिळला.
अठरा पूर्णांक सात मायक्रॉनची तलम लोकर
एकशे सत्त्याऐंशी झाली.
फाउस्तिनोने कागद लांब धरून वाचला:
"ही मेंढी नाही, बाई. हे तारेचं कुंपण आहे."

नोव्हेंबरात जमलं.
चाळीस मिनिटांचं काम, चार सेकंद.
नेलिदा हात मांडीवर ठेवून बसली.
उरलेल्या वेळाचं काय करायचं
ते कुठल्याच धड्यात नव्हतं.

शुक्रवारी ओलेगारियो बेंतांकुर आला.
त्याच्या माळावर आता निलगिरी आहे, कंपनीची, ओळीने.
मेंढ्या जाऊन तीन हंगाम झाले.
तरी तो येतो, भिंतीवरच्या यादीत आपलं नाव बघतो,
नावापुढची कोरी जागा बघतो,
भाव विचारतो, जातो.
या वेळी बोट वरून खाली गेलं,
खालून वर आलं.
पुन्हा खाली.
मग त्याने टोपी घातली.
भावसुद्धा विचारला नाही.

संध्याकाळी तिने ती ओळ उघडली.
वजन रिकामं असेल तर पूस.
तिनेच लिहिलेली, आणि तिच्यात चूक नव्हती.
तिला एक 'पण' हवा होता.
यंत्राच्या भाषेत 'पण' नाही.
'आणि' आहे, 'नाही' आहे,
त्यातून जुळवावा लागतो.
दोनदा फसला. तिसऱ्यांदा बसला.

वर तिने एक ओळ वाढवली,
सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह,
म्हणजे यंत्र ती न वाचता ओलांडून जातं:
'बेंतांकुर येईल. राहू दे.

एंटर दाबताच ती ओळ आपोआप हिरवी झाली.
का, ते पुस्तकात कुठेतरी असेल.
तिने बघितलं नाही.
पाणी तापत ठेवलं होतं.