अर्धं तास

स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव सातवं.
वॉल्टर मेल्ड्रम, शिपाई.
वॉल्टर त्याला कुणी म्हणत नसे, वॉटी म्हणायचे.
शिपाई मात्र खरं. पलटणीत तो तेवढाच होता.
पण त्या मे महिन्यात आमच्या शेतावर
तो दुसरा जोडीवाला होणार होता:
दोन घोडे, एक नांगर, वर्षाला चार पौंड जास्त,
आणि जेवताना पोरांच्या वरची जागा.
ते कुणी कोरलं नाही.

मी तिथं स्वयंपाकघरात होते, सतरा वर्षांची.
अ‍ॅबर्डीनशरमधली पहाट, पाच वाजता,
ओटाच्या पिठावर उकळतं पाणी ओतायचं.
तो वाडगा दोन्ही हातांत धरून बसायचा,
खायचा नाही, नुसता धरायचा,
बोटं सुटी होईपर्यंत.
गोठलेले सलगम उपटून ती उभी चिरलेली.
एकदा मी त्याला मेंढीची चरबी दिली.
त्यानं ती लगामाच्या चामड्याला लावली.

आमच्याकडे नोकरी जत्रेत ठरायची.
मालक तळहातावर शिलिंग ठेवायचा;
मूठ मिटली की सहा महिने तुमचे नाहीत.
त्या साली त्याच चौकात, पिंपावर बसलेल्या सार्जंटनंही
शिलिंगच ठेवला.
वॉटीला फरक कळला नसेल असं नाही.
पण मूठ मिटायची सवय होती.

त्याच्याआधी घोडा गेला.
लष्कराचा माणूस फीत घेऊन आला,
प्रिन्सची उंची मोजली, दात पाहिले, खुरावर आकडा डागला.
जेसला खोकला होता, म्हणून ती राहिली.
वॉटीला खोकला नव्हता.

पत्रं दोन. आईला आलेलं मी वाचलं नाही.
दुसरं तबेल्यातल्या सगळ्यांना मिळून:
"इथली माती खडूसारखी, बुटाला धरून बसते.
सलगम येणार नाहीत. गहू कदाचित.
जेसला चढावर दामटू नका."
खाली एक ओळ स्वतःबद्दल, खोडलेली.
आम्ही ती कंदिलासमोर धरली.
"पाय" एवढंच लागलं.

तो काही संत नव्हता.
माझे नऊ पेन्स बुडवून गेला.
सुगीच्या नाचाला माझ्या बहिणीबरोबर नाचला,
आणि मी खुर्चीवर कुणाचा तरी कोट सांभाळत बसले.
कोट त्याचाच होता.

एप्रिल, अरासच्या जवळ.
सकाळी, म्हणतात. बर्फ पडत होता, म्हणतात.
म्हणणारे तिथं नव्हते.

पेटी न्यायला त्याची आई सहा मैल हातगाडी ढकलत आली.
आत रविवारचे बूट,
फारसं काम न पडलेला वस्तरा,
आणि जेसच्या शेपटीत गुंफायची लाल फीत.
"ही घोडीची," म्हणाली, "घोडीला द्या."
आणि गाडी वळवली.
माळ्यावर पेटीखालची फळी पिवळी राहिली होती.
दुपारी नव्या पोराची पेटी तिथं सरकवली.
ती जरा मोठी होती. सगळं झाकलं गेलं.

वरच्या वावरात एक करडा धोंडा आहे,
निघत नाही, नांगर त्याला वळसा घालतो.
नव्या पोरानं जेसला जुंपलं त्या दिवशी
धोंड्यापाशी ती थांबली.
अर्धं तास काळं उलटलेलं, अर्धं अजून गवताचं.
तिथं वाऱ्याला पाठ करून वॉटी पाइप पेटवायचा.
चार झुरके, फार तर पाच.

पोरगा ओरडला. लगाम हिसडला. तिच्या आईवरून काही बोलला.
जेस उभी.
चार झुरक्यांएवढा वेळ गेला,
मग ती आपणहून निघाली.

मी चहाचं भांडं घेऊन बांधावर होते.
सांगता आलं असतं. नाही सांगितलं.
हिवाळा लागेपर्यंत तोही तिथं थांबायला शिकला,
घोडी थकते असं समजून.