काचेचा डोळा

शाहूपुरीतल्या इर्शाद शिकलगारकडून
दिवसाला अठराशे भाड्यानं फुलफ्रेम आणला.
माझा क्रॉप होताच खांद्याला,
हप्ते फिटून वर्ष झालेला,
ग्रिपचं सुटलेलं रबर मीच चिकटवलेलं.
पहाटे साडेचारला वडणग्याच्या गुऱ्हाळावर गेले.
मालकाला गुळाच्या पाकिटावर चेहरा हवा होता.
‘गुळव्याचाच घ्या. डोळे तेवढे टक्क पाहिजेत, मॅडम.’

कागदावर हिशोब सरळ होता.
मोठ्या सेन्सरला अंधारात लवकर सापडतं,
लहान्याला चाचपडावं लागतं.
पण मोठ्याची टक्क जागा बोटाच्या पेराएवढी,
पापणीवर लागला तर कान गेलाच.
लहाना थोडं पोटात घालतो.

काहिलीवरची वाफ मात्र कागदावर नव्हती.

भेंडीचं पाणी पडलं, मळी वर आली.
बाळकू जळव्या चुलवाणात चिपाडं सारत होता
आणि एकुलता पिवळा बल्ब
वाफेत बुडत होता, वर येत होता.
क्रॉपची मोटर कुरकुरली.
मागं, पुढं, मागं.
वाफ धरली, सोडली,
भिंतीवरचं खतकंपनीचं कॅलेंडर धरलं,
तेवढं मात्र अगदी तारखेसकट.

मग फुलफ्रेम काढला.
बटण अर्धं दाबायचा अवकाश,
हिरवी चौकट जाऊन बसली
सातगोंडा अण्णांच्या उजव्या डोळ्यावर.
अण्णा वाकले, वळले, वाफेत गेले, आले,
ती जागची हलेना.
एकवीस फोटो. एकवीसच्या एकवीस टक्क.
अठराशे वसूल, मी मनात म्हटलं.

‘दाव बगू.’
अण्णा स्क्रीनवर वाकले
आणि ठसका लागेपर्यंत हसले.
‘आगं लेकी, त्यो काचंचा हाय.
चौदा साली रस उडाला, मिरजंत बसवून घेतला.
त्यो काय बी बगत न्हाई.’

मी चौकट डाव्या डोळ्यावर ओढली,
ती परत उजव्यावर.
पुन्हा ओढली, पुन्हा तेच.
तो मिटत नव्हता, पाणावत नव्हता,
बल्ब त्यात गोल, स्वच्छ उमटत होता.
डावा लालसर, धुरानं चुरचुरणारा,
सारखा बारीक होणारा.
तो यंत्राला पटेना.

‘गप,’ अण्णा अचानक म्हणाले.
बाळकूचा हात चिपाडावरच थांबला.
अण्णांनी डावा डोळा मिटला
आणि काहिलीकडं कान केला.
मलाही मग ऐकू आलं,
बुडबुडे जड झाले होते,
आटत आलेल्या भातासारखे बोलत होते.
त्यांनी बोटं गार पाण्यात बुडवली,
चिमूटभर पाक उचलला,
परत पाण्यात घालून गोळी वळली.
‘वढा!’
सगळे एकदम धावले.

त्या धांदलीत मी कुठला कॅमेरा उचलला
ते आठवत नाही.
रात्री फायलींच्या नावांवरून कळलं, क्रॉप.
नऊ फोटो. आठांत नुसती वाफ.
नवव्यात फोकस चुकून मनगटावर,
पण चेहरा पुरता हरवलेला नाही.
मिटलेली डावी पापणी, जराशी मऊ,
खाली घामाचा की कशाचा थेंब.

मालकानं फुलफ्रेमचा सतरावा निवडला.
‘काय जिवंत डोळा आलाय हो!’
मी बिल पाठवलं.

संक्रांतीच्या आधी पाकिटं आली.
महाद्वार रोडच्या एका दुकानात
मांडणीभर तोच डोळा, रांगेनं,
गिऱ्हाइकांकडं न बघणारा.
अण्णांना एक नेऊन दिलं.
त्यांनी हात लांब करून पाकीट धरलं,
मग जवळ घेतलं, मग पुन्हा लांब,
आणि म्हणाले, ‘चला, मिरजंचं पैशे फिटलं.’

नववा फोटो कुणाला पाठवला नाही.
परवा इर्शाद विचारत होता,
‘एक वापरलेला फुलफ्रेम आलाय, स्वस्तात लावतो.
घेणार?’

बघते, म्हणाले.