शितावरून

राजधानीहून मी आणली होती एक लाकडी फळी,
तिच्यावर सेंटिमीटरच्या रेघा, शून्यापाशी एक आडवी पट्टी,
माशाचं नाक टेकवायला.
आणि एक तक्ता.
तक्त्यातला पहिला रकाना : समुद्रात एकूण मासे किती.
तो मी वाइनीका गाव दिसायच्या आधी, बोटीतच,
कोरा सोडला होता.

सर्वेक्षणाचं जहाज या बेटाकडे कधी फिरकलं नाही.
फिरकणारही नाही. त्याच्या आठवड्याच्या डिझेलात
आमच्या खात्याचं वर्ष निघतं.

केलेरानं फळी उलटसुलट करून पाहिली,
कसावा चिरायला बरी आहे, म्हणाली.
मग चुलीवरचा काळा हंडा दाखवला, सासूचा.
"मी लग्न होऊन आले तेव्हा यात एक कवागो मावायचा नाही.
शेपूट बाहेर. झाकण कलतं.
लोसाना झाली, तेव्हा एक पुरता मावायला लागला.
आता चार टाकते, वर कसावा,
तरी झाकण घट्ट बसतं."

मी विचारलं, साल कुठलं?
ती म्हणाली, झाकणाचं?

रात्री कंदिलाशी बसून लिहून काढलं :
एक, एक, चार.
शितावरून भाताची परीक्षा, ठीक आहे,
पण भात हंड्यात असतो,
ढवळता येतो, तळ लागला तर वास येतो.
समुद्राचा तळ लागल्याचा
कसला वास येत असेल?

सहा आठवडे बायका मासे आणत राहिल्या.
नाक पट्टीला, शेपूट सरळ, आकडा.
मग पोट चिरायचं, अंगठ्यानं चाचपायचं
गाभोळी आहे का.
दोनशे अकरा कवागो.
दहातल्या सातांनी अजून एकदाही गाभोळी धरली नव्हती.
पोरंच ती. माझ्या बोटांना साबणानं जाईना असा
त्यांचा वास.

सभा भरली. चटया, यंगोनाचं लाकडी पात्र,
दाराशी एक लंगडं कुत्रं.
आपोरोसा उठला. त्याच्या इंजिनाचे हप्ते थकलेले.
"मोठे मासे मी थेट बाजारात विकतो.
तुझ्या फळीवर आले ते फक्त हंड्यातले."
खरं होतं. मी मान हलवली.
"म्हणजे तुला माहीत नाही."
नाही.
"मग बंद कशाला करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फळी होती, मांडीवर.
केलेरा मागून, पोराचं डोकं विंचरता विंचरता :
"रात्री प्रवाळाच्या फटीतून येतोस,
दिसत नाही म्हणून इंजिन वाढवतोस?"
कुणी हसलं नाही. आपोरोसाही खाली बसला नाही,
निघून गेला.

ठरलं ते असं :
केवड्याच्या टोकापासून फुटक्या जहाजापर्यंत तांबू, दोन वर्षं.
बाकीकडे कोपरापासून मनगटापर्यंतचा मासा, त्याहून लहान नको.
कुणाचं कोपर, यावर तासभर गेला.
शेवटी मुखिया सेतारेकीचा हात धरला गेला,
आणि प्रत्येक वल्ह्यावर सुरीनं एक खाच.

दोन वर्षांनी परत गेलो.
आपोरोसाचं इंजिन विकलं गेलंय.
तो किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत होता,
माझी सावली पडली तरी वर पाहिलं नाही.
ते मी कुठल्या रकान्यात लिहू?

तांबू उठून पाच दिवस झाले होते.
केलेरानं चुलीपाशी बोलावलं. बघ.
हंड्यावरचं झाकण कललं होतं,
दोन बोटं असेल.
"मासा?" मी म्हणालो.
"मासा असेल," ती म्हणाली,
"नाहीतर पोचा. गेल्या वादळात हंडा पडला,
काठ वाकला."
आणि झाकण उचलायला हात लावू देईना,
वाफ जाते म्हणून.

पहिला रकाना पुन्हा कोरा.
शेऱ्यात लिहिलं : झाकण, दोन बोटं, कारण अनिश्चित.
मग जेवायला बसलो.